लीद कोण काढतो?

काऊबॉयचा घोडा कधी लीद टाकत नाही. मुतत नाही. तहान लागते ती फक्त कथानकाला लागते तेव्हा, म्हंजे वाळवंटात हिरो मरायला टेकला की. एरवी गावात यायचं, सलूनसमोरच्या आडव्या दांडीला लगाम एक फेर गुंडाळायचा आणि आत जाऊन दारू प्यायची. (सलून म्हंजे तिथला दारूचा गुत्ता, आपलं केस कापायचं नव्हे.) घोडा बाहेर उन्हात. तास, दोन तास, कधी सबंध रात्र. मग हिरो बाहेर येतो, टांग टाकतो आणि घोडा भरधाव. ना दाणा, ना पाणी, ना नाल बघितली.

घोडा म्हंजे मोटारसायकल नव्हे. दिवसाला वीस-तीस लिटर पाणी पिणारं, आठ-दहा किलो चारा खाणारं जनावर आहे ते. खातं त्या हिशेबानं टाकतं. एका रस्त्यावर चाळीस घोडे उभे असतील तर संध्याकाळपर्यंत त्या रस्त्याचं काय होत असेल? आणि त्याच रस्त्यावरनं जॉन वेन चालतो, गॅरी कूपर चालतो. बूट स्वच्छ. रस्ता झाडलेला. झाडला कोणी?

हा प्रश्न मी आमच्या अभ्यासमंडळात काढला तेव्हा हशा झाला. तिथं एक प्राध्यापक येतात. माणूस चांगला, पुस्तकं देतो. ते म्हणाले, वेस्टर्न हे अमेरिकेचं मिथक आहे आणि मिथकात संडास शोधायचा नसतो. हे वाक्य माझ्या डोक्यात रुतून बसलं. संडास शोधायचा नसतो असं सांगणारा माणूस बहुतेक वेळा ज्याला तो कधी साफ करावा लागला नाही असा असतो. आणि मिथकात कष्टकरी येतच नाहीत असंही नाही. लोकांत सांगतात त्या रामायणात धोबी येतोच की. फक्त कपडे धुताना येत नाही, बाईवर संशय घेताना येतो.

माझं म्हणणं एवढंच की, एखाद्या कलाकृतीत कुठलं काम दिसतं आणि कुठलं काम झाकलेलं आहे, ही समीक्षेची पहिली विचारपूस असायला पाहिजे. प्रतिमा, प्रतीक, आकृतिबंध ह्या गोष्टी त्यानंतर निवांत बघू.

मी सूतगिरणीत रिंग खात्यात आहे. धागा तुटला की जोडायचा, हे माझं काम. आठ तास बारीक वस्तूवर नजर ठेवायची सवय झालेली. रात्रपाळी सुटली की लगेच झोप येत नाही, म्हणून खोलीवर मोबाईलच्या पडद्यावर हे सिनेमे तुकड्या-तुकड्यानं बघितले. १९३९ पासून १९७० पर्यंतचे जास्त. आवडीनं बघितले, उगाच खोटं कशाला बोलू. 'हाय नून' (१९५२) मध्ये गॅरी कूपर रिकाम्या रस्त्यानं एकटा चालतो तेव्हा माझ्याही पोटात गोळा येतो. पण धागा तुटलेला दिसला की हात आपोआप जातो. तसं हे.

गोळ्या मोजणारी पोरं पुष्कळ भेटतात. सहा गोळ्यांच्या पिस्तुलातून हिरोनं अकरा बार कसे काढले वगैरे. ते खरंच आहे. १८७३ च्या कोल्ट पिस्तुलात एकेक काडतूस बाजूच्या झडपेतून भरावं लागायचं, आणि काळ्या दारूचा धूर असा व्हायचा की चार-पाच बारांनंतर समोरचं दिसू नये. पण हा पोरखेळ आहे. गोळ्या मोजणारा पोरगा पगार मोजत नाही. मला पगार मोजायचा आहे.

काऊबॉय म्हंजे मराठीत गुराखी. हा शब्द घोकत सिनेमा बघा, अर्धं मिथक तिथंच गळून पडतं. आपल्या खेड्यात गुराखी पोर म्हंजे गावातलं सगळ्यात गरीब पोर. तिथंही फार वेगळं नव्हतं. यादवी युद्ध १८६५ साली संपलं, त्यानंतर वीसेक वर्षं टेक्सासातून कॅन्ससच्या रेल्वे ठेसनांपर्यंत लाखो गुरं हाकत नेली. दोन-तीन हजार गुरांच्या कळपामागं दहा-बारा माणसं. दिवसाला दहा ते पंधरा मैल. पगार महिन्याला साधारण पंचवीस ते चाळीस डॉलर. स्वयंपाक्याला त्याहून जास्त. आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट: खोगीर काऊबॉयचं स्वतःचं, घोडा मालकाचा!

जरा थांबा इथं. पडद्यावर तो घोडा म्हंजे हिरोचं स्वातंत्र्य. मन मानेल तेव्हा निघाला, मावळत्या उन्हाकडं गेला. प्रत्यक्षात काम सुटलं की घोडा कंपनीत जमा आणि हा खोगीर खांद्यावर टाकून पायी. आपल्यात डबा तेवढा स्वतःचा असतो, तसं. सिनेमातला हिरो दारूच्या गुत्त्यात नाणं फेकतो, भाव विचारत नाही, सुटे परत घेत नाही. महिना तीस डॉलरवाला माणूस सुटे पैसे सोडून जाईल? मी तर पाच रुपयांसाठी कंडक्टरशी भांडतो.

आणि त्यांनी संप केला होता. हे वाचलं तेव्हा मी खोलीत एकटाच मोठ्यानं ओरडलो. काऊबॉयांचा संप! टेक्सासच्या वरच्या अंगाला पॅनहँडल म्हणून भाग आहे, तिथं कॅनेडियन नदीच्या काठी टास्कोसा गावाच्या आसपास मोठमोठ्या रँच होत्या. १८८३ च्या मार्चमध्ये तिथल्या काऊबॉयांनी मालकांसमोर कागद ठेवला. चोवीस जणांच्या सह्या. महिना पन्नास डॉलरखाली कोणी काम करणार नाही. चांगल्या स्वयंपाक्यालाही पन्नास. टोळीच्या मुकादमाला पंचाहत्तर. म्होरक्या टॉम हॅरिस, तो स्वतः मुकादम होता. पगारामागं दुसरं एक दुखणं होतं. पूर्वी काऊबॉयला स्वतःची चार जनावरं राखता यायची, बेवारस वासरावर आपला डाग मारता यायचा. बाहेरचं भांडवल आलं, रँचच्या कंपन्या झाल्या, आणि ते बंद पडलं. गुराखी होता तो नुसता नोकर झाला. संप अडीचेक महिन्यांत मोडला. मालकांना बदली माणसं मिळाली.

१८८३. त्याच्या पुढच्याच वर्षी, १८८४ ला, मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे गिरणी कामगारांच्या सभा भरवून आठवड्याची सुट्टी मागत होते. ती मिळायला १८९० उजाडलं. ह्या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही, मला माहीत आहे. पण माझ्या वहीत त्या शेजारी-शेजारी आहेत आणि तिथंच राहतील.

संप मोडल्यावर काय झालं तेही ऐका. १८८४ साली त्याच भागातल्या पशुमालकांनी स्वतःचे बंदूकवाले उभे केले. त्यांचा पुढारी कोण? पॅट गॅरेट. १८८१ साली बिली द किडला गोळी घातली तोच. बिली आणि गॅरेटवर सिनेमे किती निघाले! सॅम पेकिनपाचा १९७३ चा तर नावाजलेला आहे. चोवीस सह्या करणारांवर मी बघितलेल्या सिनेमांत एक अक्षर नाही. का असेल? संपात एकटा हिरो बसवता येत नाही. चोवीसजण एका चौकटीत मावत नाहीत. आणि स्वयंपाक्याच्या पगाराची मागणी करणारा हिरो कुणाला रुबाबदार वाटणार?

स्वयंपाक्यावरनं आठवलं. गुरांच्या टोळीबरोबर एक गाडी असायची, चकवॅगन. चार्ल्स गुडनाइट नावाच्या पशुमालकानं १८६६ साली लष्कराच्या जुन्या गाडीला मागं कप्प्यांचं कपाट ठोकून ती बनवली. पीठ, घेवड्याच्या शेंगांचे दाणे, कॉफी, खारवलेलं मांस, औषधं, सगळं त्यात. हॉवर्ड हॉक्सच्या 'रेड रिव्हर' (१९४८) मध्ये ही गाडी आणि तिचा स्वयंपाकी आहे. वॉल्टर ब्रेननचं काम झकास. मी बघितलेल्यांत कामाचं वर्णन सगळ्यात भरपूर ह्या सिनेमात आहे: धूळ, थकवा, अपुरं जेवण, पगाराची कुरकुर. एक माणूस रात्री गाडीतली साखर चोरून चाटायला जातो, भांडी पडतात, आवाजानं गुरं उधळतात, आणि त्यात एक काऊबॉय चिरडून मरतो. मरणाराला बायकोसाठी लाल चपला घ्यायच्या होत्या. साखरेच्या बोटभर लालसेपायी माणूस मेला. हे खरं वाटतं, कारण आठवडेच्या आठवडे तेच ते खाणाऱ्या माणसाला साखरेचं काय होतं ते लिहिणाराला कळलेलं आहे.

पण त्याच सिनेमात जॉन वेन नदीकाठी उभा राहतो आणि म्हणतो ही जमीन माझी. दूरच्या मेक्सिकन मालकाचा माणूस येतो, त्याला गोळी घालतो, पुरतो. झाली जमीन. आणि त्या मेक्सिकनाच्या आधी ती कुणाची होती ते सिनेमा एका वाक्यात उरकतो: त्यानंही अशीच कुणाकडनं तरी घेतली असेल. सातबारा असा तयार होतो, दोस्तांनो.

आता चूल. पडद्यावर रात्री लाकडांची मोठी शेकोटी, ठिणग्या उडताहेत, कुणीतरी तोंडाचा बाजा वाजवतोय. पण ज्या माळरानावरनं गुरं चालली होती तिथं शेकडो मैल झाड नव्हतं. मग जाळत काय होते? शेण! गव्याचं, गाईचं वाळलेलं शेण. चकवॅगनच्या खाली एक कातडं झोळीसारखं बांधलेलं असायचं, त्यात वाटेत सापडेल ते लाकूड आणि शेणाच्या वाळक्या पो टाकत जायचे. म्हंजे माझी आई रानात पाटीत शेण गोळा करायची तेच काम. वेस्टर्नच्या छायाचित्रणावर जाडजूड ग्रंथ आहेत, शेकोटीच्या उजेडावर पानंच्या पानं. त्या उजेडात शेणाचा वास नाही. हॉलिवूडनं चूल घेतली, गोवरी टाकून दिली.

रात्रपाळीही होती. रात्री कळपाभोवती दोन-दोन तासांचा पहारा. गुरं शांत राहावीत म्हणून हलक्या आवाजात गाणी म्हणत घोड्यावरनं फिरायचं. सिनेमात हे गाणं म्हंजे प्रणय, चंद्र वगैरे. जुन्या काऊबॉयांनी आठवणींत लिहून ठेवलंय की, झोप अनावर झाली की डोळ्यांत तंबाखूचा रस चोळायचे. चरचरलं की झोप उडते. पहाटे तीनच्या सुमाराला फ्रेमच्या रांगेत उभं राहिलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. आमच्यात तंबाखू गालात असतो एवढाच फरक. आणि कळपाच्या अगदी मागं चालणारे, सगळी धूळ खाणारे, त्यांच्या तोंडाला फडकं असायचं. ते फडकं पुढं सिनेमात दरोडेखोराचं चिन्ह झालं. मुळात ते नवख्या, खालच्या गड्याचं चिन्ह होतं. कार्डिंगला काम करणाराच्या तोंडाला असतं तसं.

कातड्याकडं येतो. ह्यावर मी जास्त बोलणार आहे.

सिनेमात गुरं मरतात, घोडे मरतात, गवे तर हजारांनी. पुढं काय? पुढचा प्रसंग सुरू. मेलेलं जनावर कुणी सोललं, हे दिसत नाही. आता इतिहास बघा. १८७१ च्या आसपास गव्याच्या कातड्यापासून टणक चामडं कमावण्याची रीत तिथल्या चर्मकारखान्यांना साधली, आणि त्या चामड्याचे पट्टे पूर्वेकडच्या कारखान्यांत यंत्रं फिरवायला लागले. शाफ्टवरनं यंत्राकडं जाणारे पट्टे. म्हंजे कारखान्यांची चाकं फिरवायला माळावरचा गवा संपवला. दक्षिणेकडचा कळप १८७० च्या दशकातच निकालात निघाला, उत्तरेकडचा १८८३ च्या सुमाराला. गव्याबरोबर त्यावर जगणाऱ्या आदिवासी जमाती उपाशी पाडल्या. मग माळावर हाडं उरली, तीही गोळा करून खतासाठी नि साखर शुद्ध करायला विकली. शिकारी एकानं गोळी घालायची, पण सोलणारे दोघं-तिघं लागत. दिवसभर रक्तात, चरबीत, माश्यांत. शिकाऱ्यावर सिनेमे आहेत. सोलणारा मागं कुठंतरी वाकलेला, पाठमोरा.

आणि दक्षिण टेक्सासात तर १८७० च्या दशकात मेलेल्या ढोरांच्या कातड्यांवरनं मारामाऱ्या, खून झाले. थंडीनं, दुष्काळानं गुरं मरून पडायची. मांसाला किंमत नव्हती, कातड्याला होती. गोरे पशुमालक सुऱ्या घेऊन सोलायला धावायचे. कुणी त्यांना विहिरीवर पाणी नाकारलं नाही. कुणी त्यांची सावली टाळली नाही. पैसा मिळत होता तर सोलणं हा धंदा होता, बस्स.

माझा पणजा मेलेलं ढोर ओढायचा. महाडच्या परिषदेनंतर गावोगाव ते काम सोडलं गेलं, त्यानंही सोडलं, आणि गावानं त्याचा राग वर्षानुवर्षं धरला, असं आज्या सांगायचा. लहानपणापासून आपल्याला सांगितलंय की काम घाण म्हणून माणूस घाण. टेक्सासातल्या त्या गोऱ्यांकडं बघितलं की कळतं, घाण कातड्यात नव्हतीच. तेच कातडं, तीच सुरी, तेच रक्त. वेगळं काय होतं? तिथं सोलणाराच्या पाठीमागं स्मृती घेऊन उभा राहिलेला मनू नव्हता. हा पुरावा आहे. सिनेमानं दाखवला असता तर जास्त चांगलं झालं असतं.

पण थांबा. मनू नव्हता म्हणून तिथं विटाळ नव्हता असं समजू नका. जॉन फोर्डचा 'स्टेजकोच' (१९३९) बघा. वेस्टर्नचा बाप समजतात त्याला. घोडागाडीतनं अनोळखी माणसं चालली आहेत. एक लष्करी अधिकाऱ्याची गरोदर बायको, घरंदाज. एक डॅलस नावाची बाई, गावानं हाकलून दिलेली वेश्या. हॅटफील्ड नावाचा खानदानी जुगारी. रिंगो, तुरुंगातनं पळालेला, म्हंजे जॉन वेन. वाटेत तहान लागते. हॅटफील्ड खिशातनं चांदीचा पेला काढतो, पाणी ओततो, घरंदाज बाईला अदबीनं देतो. रिंगो म्हणतो, ह्या दुसऱ्या बाईंचं काय? हॅटफील्ड पेला खिशात ठेवतो. डॅलस पिशवीलाच तोंड लावून पिते.

हा प्रसंग मी चार वेळा मागं नेऊन बघितला. पाणी तेच. पेला वेगळा. त्याआधी मुक्कामावर जेवायला बसतात तेव्हा रिंगो डॅलसला टेबलाशी खुर्ची देतो, तर घरंदाज बाई अवघडते, आणि हॅटफील्ड तिला लांबच्या टोकाला नेतो. सांगायला कारण काय, तर खिडकीजवळ गार वाटेल! विटाळ म्हणायचं नाही, हवा म्हणायची. आपल्याकडंही आता शिकलेली माणसं असंच बोलतात. स्वच्छता म्हणतात, शाकाहारी सोसायटी म्हणतात.

फोर्डनं हा पेला दाखवला म्हणून मी त्याला मानतो. गावचा प्रतिष्ठित बँकवाला त्याच गाडीत चोरीचा पैसा घेऊन बसलाय आणि त्याला पंगतीत कोणी हलवत नाही, हेही तो दाखवतो. बारीक वस्तूवर नजर ठेवली की आख्खी समाजव्यवस्था कशी उघडी पडते त्याचा हा नमुना. अपाचे मात्र त्याच सिनेमात नुसती धूळ आणि आरोळी. त्यांच्यापैकी कुणी पाणी कुठनं पितं, कशातनं पितं, हे फोर्डला विचारावंसं वाटलं नाही. असं सांगतात की, अपाचेंनी गाडीचे घोडेच का मारले नाहीत, असं त्याला कुणीतरी विचारलं, तर तो म्हणाला, मग सिनेमा संपला असता. उत्तर हुशार आहे. पण ज्याच्या अकलेवर सिनेमा संपतो त्याला बिनअकलेचा दाखवावं लागतं, हे त्या उत्तरातच कबूल केलंय.

पेल्यावरनं मला धोटा आठवतो. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात पगार चांगला, पण आपल्या माणसाला तिथं मज्जाव. कारण? धोट्यात नवी कांडी भरली की धाग्याचं टोक तोंडानं ओढून घ्यायची रीत होती. अस्पृश्याच्या तोंडाचा धोटा सवर्ण कामगार तोंडाला कसा लावणार? म्हणून आपल्याला रिंग खातं. १९२८ च्या संपाच्या काळात बाबासाहेबांनी हाच मुद्दा लाल बावट्याच्या पुढाऱ्यांपुढं ठेवला: सगळ्या खात्यांत अस्पृश्यांना काम मिळालंच पाहिजे. पुढारी वर्गाबद्दल बोलत होते, बाबासाहेब धोट्याबद्दल बोलत होते. क्षुल्लक तपशील म्हणून हसायचं असेल तर आधी ह्याला हसा.

फोर्डचाच 'द मॅन हू शॉट लिबर्टी व्हॅलन्स' (१९६२). त्यात वुडी स्ट्रोड हा काळा नट पाँपे नावाच्या गड्याचं काम करतो. मालक जॉन वेन. पाँपे वर्गात बसून शिकतो. सगळी माणसं समान जन्मली आहेत हे जाहीरनाम्यातलं कलम म्हणायची पाळी येते आणि नेमकं तेच तो विसरतो. गुरुजी म्हणतात, पुष्कळजण विसरतात तेवढंच. टाळ्या घेणारा प्रसंग. मला त्यापेक्षा दुसरा मोठा वाटतो. वेन दारूच्या दुकानात येतो, दुकानदार पाँपेला दारू द्यायला नकार देतो. वेन गुरगुरतो, घे रे पाँपे. आणि पाँपे घेत नाही. घरी काम पडलंय म्हणतो, मालकाला धरून नेतो. त्याला ठाऊक आहे की मालक नशेत आहे तोवरच हा पेला आहे. उद्या दुकानदार तोच असणार. सबंध सिनेमात मालकाचा जीव वाचवणं, बंदूक आयत्या वेळी फेकणं, जळत्या घरातनं ओढून काढणं ही कामं पाँपे करतो, आणि दंतकथा गोऱ्या दोघांची होते.

टेक्सासच्या वाटेवर चार काऊबॉयांत एक काळा होता असा इतिहासकारांचा अंदाज आहे. मेक्सिकनांची गोष्ट निराळीच. दोर, खोगीर, अर्धी भाषा त्यांचीच. नॅट लव्ह नावाच्या काळ्या काऊबॉयनं १९०७ साली आत्मचरित्र छापलं. बॅस रीव्ह्ज, गुलामीत जन्मलेला, १८७५ पासून सरकारी डेप्युटी मार्शल. ही माणसं जुन्या वेस्टर्नमध्ये कुठं गेली? 'द सर्चर्स' (१९५६) मध्ये कोमांची सरदाराचं काम बर्लिनमध्ये जन्मलेल्या गोऱ्या नटानं केलंय, आणि मागची गर्दी नावाहो आदिवासींची. गर्दीला खरे, संवादाला गोरे. आणखी एक: त्या सिनेमातलं कुटुंब लाल खडकांच्या उजाड वाळवंटात राहतं. कथेत ते टेक्सास आहे. तिथं गुरं खातात काय? मला एक गवताची काडी दिसली नाही. जेम्स बाल्डविन १९६५ साली केंब्रिजच्या सभेत बोलला होता की, लहानपणी गॅरी कूपर इंडियन मारतो म्हणून आपण टाळ्या पिटतो आणि मग एक दिवस कळतं, ते इंडियन म्हंजे आपणच. आपल्याला हे वेगळं सांगायला नको. गावच्या रामलीलेत आपण कुठं बसायचो ते आठवा.

'द मॅग्निफिसंट सेव्हन' (१९६०) बद्दल मात्र चार चांगले शब्द. सुरुवातीलाच एक इंडियन रस्त्यात मरून पडलाय. दोन फिरते विक्रेते त्याच्या मातीचे पैसे देऊ करतात, तरी गाव त्याला आपल्या दफनभूमीत पुरू देत नाही. गाडी हाकणाराही पळालाय. यूल ब्रायनर आणि स्टीव्ह मॅक्वीन प्रेतगाडी हाकत टेकडीवर नेतात. आपल्या गावांत मसणवटे वेगळे असतात, हे ज्याला माहीत आहे त्याच्या अंगावर तिथं काटा येतो. पुढं सातजण वीस-वीस डॉलरवर सहा आठवडे शेतकऱ्यांसाठी लढायला जातात. चांगलंचुंगलं खाताना त्यांना कळतं की, आपल्याला वाढून गावची पोरं अर्धपोटी आहेत. तेव्हा ते ताटं पोरांपुढं करतात. रक्षणकर्ता जेवतो कुणाच्या तोंडचं, हा प्रश्न वेस्टर्ननं इतक्या सरळ क्वचित विचारलाय.

'शेन' (१९५३) मध्येही आहे एक जागा. शेन जेवतो आणि न बोलता बाहेर जाऊन कुऱ्हाड उचलतो, अंगणातला बुंधा तोडायला लागतो. जेवणाचे पैसे घामानं. 'विल पेनी' (१९६८) तर मी सगळ्यांना बघायला सांगतो. चार्लटन हेस्टन, पन्नाशीला आलेला, निरक्षर, बेकार होऊ घातलेला गुराखी. अंघोळ क्वचित. म्हातारपणी काय, ही भीती. असा काऊबॉय एकदा बघितला की बाकीचे जत्रेतले वाटतात.

आता आपल्याकडं वळतो, कारण दुसऱ्याच्या घोड्याची लीद दाखवणं सोपं आहे. आपल्या पोरांच्या कवितांची वही माझ्याकडं येते. तिच्यातही एक घोडेस्वार असतो. तो येतो, मशाल घेऊन येतो, वादळ घेऊन येतो, वाडे पेटवतो नि क्षितिजाकडं जातो. तो कधी जेवत नाही. त्याची आई, बहीण, बायको ह्यांच्यापैकी कुणी पहाटे भाकरी थापली ते कवीला माहीत नाही. त्याच्या मोर्चाचा टेंपो कुणी ठरवला, डिझेलला वर्गणी कुणी काढली, खाडा पडला त्याचा पगार कुणाचा कापला गेला, काही नाही. नावाला जयभीमवाला, चालायला जॉन वेन. अशा कविता वाचून आपणही एका घोडेस्वाराची वाट बघत बसतो, आणि चोवीस सह्यांचा कागद तयार करायला कुणी वही उघडत नाही.

सहा डिसेंबरवर आपल्याकडं पोत्यानं कविता आहेत. लाखो माणसं, निळा सागर, अथांग वगैरे. मलाही तो दिवस अंगावर घेतल्यासारखा वाटतो. पण सात डिसेंबरला सकाळी दादरच्या शिवाजी पार्कात झाडू घेऊन महापालिकेची माणसं येतात. पत्रावळ्या, बाटल्या, फिरत्या संडासांच्या टाक्या. त्यांतली बहुतेक आपलीच. आदल्या रात्री रांगेत उभं राहून दर्शन घेतलेलीही त्यांत असतील. त्या सकाळवर एक कविता मला पाहिजे आहे. कुणी लिहिली असेल तर पाठवा. झाडू नायलॉनचा की काथ्याचा, तेवढं त्यात असू द्या.